चि. सोनूस पत्र

भोंगवली

चि. सोनूस, काकाचे अनेक आशीर्वाद.

अप्लाइड आर्टचं दुसरं वर्ष अर्धवट सोडून तू कुठल्याशा ऑफिसात नोकरी धरणार, असं दादाकडून कळलं. का, तर आता चित्रं एआय काढतं, आपल्याला कोण विचारणार! हे खरं आहे का? फोनवर विचारलं की तू विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसलो.

तुला चित्र काढायला कोणी बसवलं नव्हतं. गणिताच्या वहीत मागच्या पानापासून चित्रंच असायची, त्यापायी वहिनींचा मार खाल्लास. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला ए ग्रेड मिळाली तेव्हा अण्णांनी आळीभर पेढे वाटले. आणि आता एवढ्याशा मोबाईलला भिऊन सगळं गुंडाळून ठेवतेस?

2025 च्या मार्चमध्ये एआयकडून फोटोचं घिबली धाटणीचं चित्र करून घ्यायचं खूळ आलं, तेव्हा दादाने आजीच्या फोटोवरून चित्र करून घेतलं. देखणं होतं, नाही म्हणत नाही. पण त्यात आजीच्या कानाची पाळी धड होती. तू दहावीत पेन्सिलीने आजी काढलीस, त्यात ती फाटकी आहे, आणि कान झाकायला ती पदर जरासा पुढे ओढायची, तेही आलंय. पाळी कशाने फाटली ते आपल्या घराला ठाऊक. घिबलीच्या मियाझाकींनी जन्मभर हाताने चित्रं काढून जी धाटणी कमावली, ती यंत्राने उचलली. आपली आजी त्याला कुठून सापडणार?

पोटाची काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मीही पाट्या रंगवूनच पोट भरायचो. दोरीला खडू लावून रेघ मारायची, मग एकेक अक्षर भरायचं. दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्या, शाळेच्या भिंती, सगळं केलं. फ्लेक्स आला आणि कामं आटली. ते माझ्या हातात नव्हतं. पण त्याबरोबर स्वतःसाठी काढणंही थांबलं, त्याची हळहळ अजून जात नाही. सोनू, खरंच सोडलंस का गं?

रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, म्हणून चित्रकार संपले नाहीत. पुढे दलाल, मुळगावकर छपाईमुळेच तर घराघरांत पोचले. आणि 2025 मध्ये एआयने आपल्या आवाजाची नक्कल करू नये म्हणून आशाताई भोसले मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, कोर्टाने त्यांच्या बाजूने आदेश दिला. कमावलेल्या गळ्याला मोल आहे म्हणूनच ना? ते एआयही शीक, कामाला येईल. पण वहीत रोज काढत जा.

रागाने लिहून गेलो, मनावर घेऊ नकोस. फीची अडचण असेल तर मला सांग, अण्णांच्या कानावर जाणार नाही. काकूने कुरडया केल्यात, कोणी पुण्याला निघालं की पाठवतो. मेसचं जेवण बरं असतं का? वाळलीस म्हणे. रविवारी फोन करीन. बोलावंसं वाटलं नाही तरी उचल.

तुझा काका