नोंद बदलली की नाव बदलते

प्रयोगवहीत नुसते ‘प्रयोग केला’ असे लिहून भागत नाही. काय केले व का केले, हे लिहिले तरच वही दुसऱ्याच्या उपयोगी पडते. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. त्याची आज्ञावली कोणालाही वाचता व सुधारता येते. अशा सुधारणांची नोंद ठेवण्यासाठी बहुधा ‘गिट’ वापरतात. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते २००५ साली तयार केले. नोंदविलेल्या प्रत्येक बदलाला ‘कमिट’ आणि सोबतच्या टिपणाला ‘कमिट मेसेज’ म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरांमधल्या. समजा, एका मुक्तस्रोत देवनागरी टंकात दुसऱ्या शब्दातला अर्धा र चुकीचा उमटत होता आणि तुम्ही तो सुधारलात. मेसेजमध्ये ‘दुरुस्ती’ एवढेच लिहिले, तर मराठी न जाणणारा तपासनीस गोंधळेल. उद्या कोणी तुमचा बदल निरर्थक समजून काढूनही टाकील. त्याऐवजी पहिल्या ओळीत ‘दऱ्या शब्दातील अर्धा र सुधारला’ असे थोडक्यात लिहा. मग एक ओळ मोकळी सोडून कारण द्या: ‘येथे रफार आल्यास शब्दाचा अर्थ बदलतो.’

पण आधीचा मेसेज खोडून नवा लिहिता येतो का? येतो, मात्र त्यात एक गंमत आहे. गिट प्रत्येक कमिटला सामान्यतः ४० चिन्हांचे नाव देते. ते फायलींतील मजकूर, आधीच्या कमिटचे नाव, कर्ता, वेळ आणि मेसेज यांवरून गणिताने काढलेले असते. मेसेजमधील एक अक्षर बदलले तरी नाव बदलते. पुढच्या कमिटमध्ये हेच नाव गुंफलेले असल्याने तिचेही बदलते, आणि तसेच शेवटपर्यंत.

आमच्या भिवंडीत यंत्रमागावर विणलेल्या कापडातला मागचा एक आडवा धागा बदलायचा, तर त्यानंतरचे सारे धागे उसवावे लागतात. कापड मागावर असेतो हे जमते. तागा बाजारात जाऊन त्याचे सदरे शिवले गेले, की नाही.

म्हणून मेसेज सुधारायचा तो सामायिक शाखेत जाण्यापूर्वी. शेवटचा मेसेज ‘अमेंड’ या पर्यायाने बदलतो; त्यामागचे ‘रीबेस’ने. तुमची शाखा तपासणीसाठी गेली असेल, तर तपासनिसाला सांगून बदला. सामायिक शाखेतल्या कमिटवर मात्र इतरांनी काम रचलेले असते. तेथे नावे बदलली, तर त्यांच्या व मुख्य प्रतीचा मेळ तुटतो.

करून पाहा: एका कमिटचे नाव उतरवून घ्या. मेसेजमधील एकच अक्षर बदला आणि नवे नाव त्याखाली लिहा. किती जागी तेच चिन्ह आले? प्रत्येक जागी १६ पैकी एक चिन्ह येते. तेव्हा ४० जागांत सरासरी किती चिन्हे योगायोगाने जुळावीत, ते काढा आणि आपल्या मोजणीशी ताडून पाहा.