रानात राहिलेला मल्चिंग पेपर



खोडवा मोडला की आपल्यापैकी पुष्कळजण त्या रानात कलिंगड, टोमॅटो, मिरची करतात आणि मल्चिंग पेपर अंथरतात. पाणी वाचते, तण दबते, हा फायदा कोणी नाकारणार नाही. प्रश्न आहे तो पीक निघाल्यानंतरचा. हाताला येईल तेवढा पेपर ओढून बांधावर टाकायचा आणि उरलेल्यावर रोटाव्हेटर फिरवायचा, ही सवय जमिनीला महागात पडणारी आहे. कशी, ते आपण पाहू.

नाव पेपर असले तरी वस्तू पॉलिथिनची. कागद कुजतो, पॉलिथिन उन्हाने कडक होते आणि त्याचे तुकडे पडतात. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना शास्त्रज्ञ मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात. इंग्लंडमधील प्लायमाउथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन यांनी २००४ साली समुद्रकाठच्या गाळातले असे कण दाखवले, तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. शेतजमिनीकडे लक्ष गेले ते त्यानंतर.

साधा हिशोब करून पाहा. एक चौरस मीटर पेपरचे एकेक मिलिमीटरचे चौकोनी तुकडे झाले, तर ते दहा लाख होतात. अख्खा पेपर दोन माणसे गुंडाळतील. हे दहा लाख तुकडे कोण वेचणार?

नेदरलँड्समधील वागेनिंगेनच्या संशोधकांनी २०१६ साली गांडुळांना पॉलिथिनचे कण मिसळलेला पाचोळा दिला. कणांचे प्रमाण २८ टक्के व त्याहून अधिक होते तेथे साठ दिवसांत गांडुळांची वाढ खुंटली आणि मरही वाढली. आपल्या रानात एवढे प्लॅस्टिक नसते, म्हणून घाबरून जायचे कारण नाही. पण गांडुळे हे कण बिळांतून खालच्या थरात नेतात, असेही आढळले आहे. २०२० साली चीनमधील संशोधकांना अतिसूक्ष्म कण गव्हाच्या आणि लेट्यूसच्या मुळांत शिरताना दिसले. नवे उपमूळ फुटते तिथल्या फटीतून ते आत गेले. खाणाऱ्याच्या प्रकृतीवर परिणाम किती, याचा अभ्यास अजून चालू आहे.

चीनने या बाबतीत ठेच खाल्ली आहे. तिथे ८ मायक्रॉनचा पातळ पेपर वर्षानुवर्षे वापरला गेला. तो उचलताना फाटे आणि मातीतच राही. शेवटी २०१८ पासून किमान जाडी १० मायक्रॉन करावी लागली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा!

तेव्हा आमचे सांगणे एवढेच :

१. स्वस्त म्हणून पातळ पेपर घेऊ नये. भाजीपाल्यासाठी २५ ते ३० मायक्रॉनचा घ्यावा. तो सलग निघतो.

२. पीक संपताच, पेपर कडक होण्याआधी, हलक्या ओलीवर तो काढावा. कडा मातीत दाबलेल्या असतात, त्या आधी मोकळ्या कराव्यात. मगच रोटाव्हेटर.

३. ठिबकच्या जुन्या नळ्यांचे तुकडेही वेचावेत.

४. बांधावर पेपर जाळू नये. विषारी धूर होतो आणि वितळलेले गोळे रानातच राहतात. माती झटकून, गुंडाळून भंगारवाल्याकडे द्यावा.

आणि उसाच्या सरीत तर विकतच्या पेपरची गरजच काय? पाचट न पेटवता सरीत पसरले तर ओल धरते, तण दाबते आणि कुजून खत होते. ते वेचायला कोणाला जावे लागत नाही.

जमीन आपण पुढच्या पिढीच्या हाती देणार आहोत. ती देताना प्लॅस्टिकचा चुरा मिसळून देऊ नये, ही विनंती.