परसांतील अडुळसा

घरच्या परसांत शोभेसाठीं कोणतें झुडूप लावावें असा प्रश्न निघाला कीं पुष्कळांची दृष्टि प्रथम परदेशी झाडांकडे वळते. आपल्या हवेंत मुरलेलीं, फारशी निगा न मागणारीं देशी झुडपें मात्र उपेक्षिलीं जातात. अशांपैकीं अडुळशाची लागवड कशी करावी व त्याच्या औषधी गुणावर कोठवर विसंबावें, याचा आम्ही येथें विचार करणार आहों.

अडुळसा हें चार ते आठ फूट उंचीचें सदाहरित झुडूप होय. पानें समोरासमोर, दोन्ही टोकांस निमुळतीं व सुमारें वीतभर लांब असतात. फुलें पांढरीं असून खालच्या ओठावर जांभळट रेषा असतात. संस्कृतांत त्यास 'सिंहास्य' असेंही नांव आहे. फुलाचे उघडे ओठ पाहिले म्हणजे तें सार्थ वाटतें. हिंवाळ्यांत तुरे आले कीं मधमाशा त्यांवर येऊं लागतात.

जमीन कोणतीही चालते. मात्र पाणी सांचणारी जागा टाळावी. लागवड छाटांपासून सहज होते. मृगाचा पाऊस स्थिरावला म्हणजे निरोगी झुडपाची जून, बोटाएवढी फांदी निवडून तीन-चार डोळ्यांचे, वीतभर लांबीचे छाट करावेत. खालचा काप डोळ्याच्या लगत घ्यावा, पानें काढून टाकावीं व दोन डोळे मातींत जातील असे छाट किंचित् तिरपे लावावेत. शेंडा व बुडखा यांची अदलाबदल होऊं देऊं नये. कुंपणासाठीं दीड फूट व सुटें झुडूप हवें असल्यास चार फूट अंतर ठेवावें. प्रत्येक खड्ड्यांत ओंजळभर कुजलेलें शेणखत पुरे. मुळें धरेपर्यंत ओल राखावी; पहिल्या उन्हाळ्यांत मधून मधून पाणी द्यावें.

पानांच्या उग्र वासामुळें व कडूपणामुळें गुरें व शेळ्या यास सहसा तोंड लावीत नाहींत. म्हणून कुंपणास हें झुडूप विशेष सोईचें. फुलोरा संपल्यावर छाटणी केली म्हणजे नवी फूट दाट येते, आणि छाटलेला पाला हिरवळीचें खत म्हणून उपयोगीं पडतो.

आतां औषधाविषयीं. अडुळशाच्या पानांत व्हॅसिसीन नांवाचें द्रव्य असतें. त्याच्या अभ्यासांतूनच कफ पातळ करणारें ब्रोम्हेक्झीन हें औषध पुढें आलें. तेव्हां खोकल्यावर पानांचा काढा देण्याची आपली रीत निराधार नाहीं. परंतु हें द्रव्य गर्भाशयाचें आकुंचन करणारें असल्यामुळें गरोदर स्त्रियांस काढा कदापि देऊं नये. जुन्या ग्रंथांत क्षयावर अडुळशाची मोठी स्तुति आढळते. पण क्षय हा जंतुजन्य रोग असल्याचें रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालीं दाखविलें, आणि त्या जंतूंचा नाश परसांतल्या काढ्यानें होत नाहीं. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, रात्रींचा ताप, वजन घटणें किंवा थुंकींत रक्त दिसल्यास सरकारी दवाखान्यांत थुंकी तपासून घ्यावी. तेथें क्षयाची तपासणी व औषधें विनामूल्य मिळतात. काढ्याच्या भरंवशावर घालविलेला प्रत्येक आठवडा रोग्यास व घरच्या मुलांबाळांस महाग पडतो.

येत्या पावसाळ्यांत आमच्या वाचकांनीं परसाच्या कडेस दहा-बारा छाट अवश्य लावावेत. साध्या कफास पानें, मधमाशांस फुलें व शेतास पाला मिळेल. आणि त्याची मर्यादाही घरांतील प्रत्येकास सांगून ठेवावी.