विम्याची मंजुरी आणि पहिला तास

सौंसरकडील संत्र्याच्या बागेत विंचू चावलेले पाच वर्षांचे मूल काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आणले गेले. अंग घामाने निथळलेले, हातपाय थंडगार. वजनाच्या किलोमागे ३० मायक्रोग्रॅम या हिशेबाने प्राझोसिन देऊन (महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचे ऋण आपण सारेच मानतो) मी त्याला नागपूरला पाठविले. तेथे विमा कंपनीच्या मंजुरीची वाट पाहण्यात दोन तास गेले. मूल वाचले, परंतु ते दोन तास मी विसरलेलो नाही.

विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाने कॅशलेस विनंतीवर एका तासात निर्णय बंधनकारक केला. विंचूदंशात तो तासही मोठा असतो. मंजुरी देयकासाठी असते, उपचारासाठी नव्हे. तातडीचे उपचार हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितले आहे.

आयुष्मान कार्ड राज्याची सीमा ओलांडूनही चालते, मात्र योजनेशी संलग्न रुग्णालयातच. म्हणून आता मूल निघण्यापूर्वी मी स्वतः फोन करून संलग्नता व खाट विचारून घेतो आणि चिठ्ठीवर दंशाची वेळ व दिलेली मात्रा ठळक लिहितो.