उसाचे बेणे आणि मक्याचे बी

आमच्या धर्मग्रामातील एका शेतकऱ्याने संकरित मक्याची निवडक कणसे बियाण्यासाठी राखली व पुढच्या पावसाळ्यात तेच बी पेरले. काही ताटे डोक्यावर गेली, काही कमरेएवढीच राहिली. कणसांचाही मेळ नव्हता. “फादर, उसाचे बेणे आम्ही घरचेच लावतो. ते असे बदलत नाही, मग मक्यालाच काय झाले?” त्यांचा प्रश्न आम्हाला रास्त वाटला.

उसाच्या कांडीवरचा डोळा फुटतो तो पेशींच्या साध्या विभाजनाने. पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रे असतात व त्यांत डीएनएचा लांब धागा. हा धागा पीळ दिलेल्या शिडीसारखा आहे, असे वॉटसन व क्रिक यांनी १९५३ साली मांडले. शिडीच्या प्रत्येक पायरीत दोन द्रव्यांची जोडी: अ‍ॅडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन. विभाजनापूर्वी शिडी मधोमध उकलते व प्रत्येक अर्ध्या बाजूवर तिचा जोडीदार नव्याने रचला जातो. एकीच्या दोन शिड्या होतात आणि दोन्ही नव्या पेशींना सारखाच वाटा मिळतो. म्हणून को ८६०३२ ची टिपरी लावली की को ८६०३२ च उगवतो. (लाल कूज रोगही टिपरीबरोबरच येतो, रोगट फडातले बेणे घेऊ नये.)

बियाची गोष्ट निराळी. मक्याच्या पेशीत २० गुणसूत्रे, म्हणजे १० जोड्या असतात. तुऱ्यात पराग व कणसात बीजांड तयार होताना प्रत्येक जोडी फुटते आणि एकेकाच्या वाट्याला १० च गुणसूत्रे येतात. कोणत्या जोडीतले कोणते, हे ठरलेले नसते. ही वाटणी १,०२४ प्रकारांनी होऊ शकते. शिवाय जोडीतली गुणसूत्रे वाटणीपूर्वी आपसांत तुकडे बदलून घेतात. विकतचे संकरित बी दोन शुद्ध वाणांपासून केलेले असते. शुद्ध वाणात जोडीतली दोन्ही गुणसूत्रे सारखीच, त्यामुळे वाटणी कशीही झाली तरी पहिले पीक एकसारखे येते. त्या पिकाच्या जोड्यांत मात्र एक गुणसूत्र एका वाणाचे, दुसरे दुसऱ्याचे. त्याचे बी पेरले की दाण्यागणिक वाटणी वेगळी होते, आणि संकराचा जोमही घटतो. खताच्या दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नाही!

गहू व हरभरा यांचे फूल बहुधा आपल्याच परागाने फळते. त्यांच्या सुधारित वाणाचे घरचे बी निरोगी व वाळवलेले असल्यास खुशाल पेरावे. पिशवीवर ‘संकरित’ छापले आहे की ‘सुधारित’, हे खरेदीच्या वेळीच पाहावे. आमच्या त्या शेतकऱ्याचा मका अखेर वैरणीला गेला. हरभऱ्याचे बी त्यांनी यंदा घरचेच राखले आहे.