आज्ञापत्रातील आरमार : पुरवठ्याची व्यवस्था आणि गद्याची घडण

मराठी गद्याच्या अभ्यासात ‘आज्ञापत्रा’चे स्थान निर्विवाद आहे, तथापि त्याचे शेवटचे, आरमारासंबंधीचे प्रकरण बहुधा घाईने वाचले जाते. समुद्रापासून दूर असलेल्या नागपूर-विदर्भातील विद्यार्थ्याला गुराब, गलबत, तांडेल हे शब्द परके वाटतात आणि त्या प्रकरणातील एकच उतारा त्याच्या लक्षात राहतो : रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत, हा. हा उतारा मूळ संदर्भातून काढून, पुष्कळदा शिवछत्रपतींचे पत्र म्हणून, वृक्षप्रेमाचे वचन म्हणून उद्धृत होतो. वस्तुतः तो आरमाराच्या लाकूडपुरवठ्याचा नियम आहे. तो आपल्या जागी ठेवून वाचला असता त्याचा अर्थ आकुंचित होत नाही, उलट अधिक गंभीर होतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. दोन प्रकारचे आकडे

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडीचा प्रदेश ताब्यात आल्यानंतर मराठ्यांच्या जहाजबांधणीस प्रारंभ झाला. १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची उभारणी सुरू झाली. या आरमाराचे वर्णन करणाऱ्या दोन प्रमुख मराठी ग्रंथांची तुलना उद्बोधक ठरते. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत कृष्णाजी अनंत सभासद गुराबा, तरांडी, गलबते इत्यादी जहाजांची नावे देतो, दर्यासारंग आणि मायनाक भंडारी या सुभेदारांचा उल्लेख करतो आणि दोनशे जहाजांचा एक सुभा असल्याचे सांगतो. १७१५ मधील ‘आज्ञापत्र’ मात्र एका सुभ्यास पाच गुराबा आणि पंधरा गलबते, म्हणजे अवघी वीस जहाजे देते आणि सर्व सुभ्यांवर एक सरसुभा नेमावयास सांगते.

दोनशे आणि वीस या आकड्यांत खरा कोणता, एवढाच प्रश्न विचारून थांबणे पुरेसे नाही. बखरीतील आकडा वैभवाचा आहे. तो ऐकणाऱ्याच्या मनात थोर राजाची प्रतिमा उभी करतो. आज्ञापत्रातील आकडा हिशेबाचा आहे. एका अधिकाऱ्याला किती जहाजांची डागडुजी, किती माणसांचे वेतन आणि किती दारूगोळा सांभाळता येईल, याचा अंदाज त्यामागे आहे. जहाजे फार मोठी नसावीत, फार लहानही नसावीत, हा त्यातील आग्रहही त्याच दृष्टीचा आहे. दोन्ही ग्रंथांचा विषय एक असला तरी गद्याचे प्रयोजन भिन्न आहे.

२. खर्चाची तरतूद

आज्ञापत्राचे कर्ते म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र नीलकंठ अमात्य शिवछत्रपतींच्या काळापासून राज्यकारभारात होते. कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या नावाने हा ग्रंथ लिहिला गेला, तेव्हा त्यांच्यामागे चार दशकांचा अनुभव होता. तो अनुभव आरमाराच्या खर्चाविषयीच्या नियमात विशेष जाणवतो. आरमाराचे वेतन मुलखाच्या निश्चित उत्पन्नातून आधीच नेमून द्यावे, बंदरांच्या मिळकतीवर त्याचा भार शक्यतो टाकू नये, असे तेथे सांगितले आहे. त्याचे कारणही दिले आहे. पोट बंदरावर अवलंबून असेल तर आरमारातील लोक व्यापाऱ्यास छळतील. व्यापारी निघून जातील. बंदर ओस पडेल. ज्या उत्पन्नाचे रक्षण करण्यासाठी आरमार उभारले, तेच उत्पन्न आरमार खाऊन टाकील. सावकारांस राज्याची शोभा मानणाऱ्या याच ग्रंथातील स्वतंत्र प्रकरणाशी हा नियम जोडून वाचला पाहिजे.

पावसाळ्यातील छावणीच्या नियमांतही हाच विचार आहे. दर्या खवळण्यापूर्वी काही दिवस जहाजे किल्ल्याच्या आश्रयास, सुरक्षित बंदरात आणावीत आणि दरवर्षी एकाच बंदरी छावणी करू नये, असे ते नियम सांगतात. रिकाम्या बसलेल्या शिपाई-खलाशांचा भार एकाच गावाने वर्षानुवर्षे सोसू नये, ही त्यातील दक्षता उघड आहे.

३. लाकडाचा प्रश्न

या क्रमात लाकडाचा उतारा येतो. जहाजास तक्ते, सोट आणि डोलकाठ्या यांसाठी मोठे लाकूड लागते. ग्रंथकार त्याच्या प्राप्तीच्या पायऱ्या लावतो. प्रथम राज्यातील अरण्यांतील सागवानादी वृक्ष, तेही हुजूर लिहून, परवानगी घेऊन तोडावयाचे. त्याहून अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावयाचे. आंबा आणि फणस यांचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे आहे, हे तो नाकारीत नाही. किंबहुना ते उपयोगी आहे म्हणूनच निषेध करावा लागतो. ही झाडे एक-दोन वर्षांत वाढत नाहीत. रयतेने ती पोटच्या पोरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल तरच, धन्यास राजी करून, मोल देऊन ते न्यावे. जबरदस्ती करू नये.

म्हणजे हा उपदेश रयतेला केलेला नाही. ‘झाडे लावा’ असे येथे कोणी कोणास सांगत नाही. ही राज्यसत्तेने आपल्याच खात्याला घातलेली मर्यादा आहे. कुऱ्हाड घेऊन गावात येणारा मनुष्य सरकारी आहे, निकड राज्यरक्षणाची आहे, आणि तरीही त्याने दारातील झाडापाशी थांबावे, अशी ही आज्ञा आहे. केवळ निसर्गप्रेमाचे वचन म्हणून हा उतारा वाचल्यास त्यातील हा ताण नाहीसा होतो.

४. ताणाची दुसरी बाजू

हा ताण काल्पनिक नव्हता. जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध मोहीम चालू असता दौलतखान व दर्यासारंग यांच्या आरमारास ठरलेली रोकड आणि धान्य पोहोचविण्यात कुचराई केल्याबद्दल प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला शिवछत्रपतींनी १६७५ मध्ये लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. राजपुरीसमोर पद्मदुर्ग उभारून शत्रूची कोंडी केली असता रसदेअभावी आरमार खोळंबते, याचा संताप त्या पत्रात आहे. असा चाकर शत्रूस सामील असल्याचा संशय महाराज बोलून दाखवितात आणि जातीमुळे त्याची गय केली जाणार नाही, हेही बजावतात.

दोन्ही लेखनांतील भाषा भिन्न आहे. पत्रातील वाक्ये प्रश्नांनी आणि धमकीने भरलेली, एका व्यक्तीस उद्देशून आहेत. आज्ञापत्रातील वाक्ये सर्वकाळासाठी आहेत. प्रत्येक आज्ञेमागे कारण आणि कारणामागे परिणाम येतो. परंतु दोन्हींचा प्रश्न एकच आहे. आरमार उपाशी राहिले तर समुद्र जातो, आणि आरमाराने रयतेस खाल्ले तर राज्य जाते. या दोहोंमधील अरुंद वाट शब्दांत आखणे, हे आज्ञापत्राच्या गद्याचे कार्य आहे.

५. शब्दसंपत्ती

या प्रकरणाची भाषाही बंदरासारखीच मिश्र आहे. ‘आरमार’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. ‘दर्या’ आणि ‘बंदर’ फारसी, ‘गुराब’ अरबी. कान्होजी आंग्र्यांच्या नावाशी जोडले गेलेले ‘सरखेल’ हे पदही फारसीच. संस्कृत राज्यशास्त्राच्या परंपरेतील ‘राज्यांग’ ही कल्पना या खलाशी शब्दांच्या शेजारी निःसंकोचपणे बसते. परकी शब्द येथे सजावटीसाठी आलेले नाहीत. त्या त्या वस्तूबरोबर आणि कसबाबरोबर ते किनाऱ्यावर उतरले आहेत.

सर्व सुभ्यांवर एकच सरसुभा असावा, ही अमात्यांची योजना पुढे टिकली नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग येथे तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, ते पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत. त्या घटनेनंतर आज्ञापत्र वाचणाऱ्याला त्यातील नियम आदर्शाइतकेच इशाऱ्याचेही वाटतात. अध्यापकाने वर्गात आंब्या-फणसाचा उतारा अवश्य शिकवावा. मात्र त्याच्या आधीचे डोलकाठीचे वाक्य आणि त्यामागची वेतनाची तरतूद वगळू नये. त्या झाडाची किंमत कळण्यासाठी त्या जहाजाची गरज आधी कळावी लागते.