प्रदेशपरिचयाचे लेखन : राई गावाच्या निमित्ताने



प्रदेशपरिचय हा लेखनप्रकार सोपा वाटतो, आणि म्हणूनच तो बहुधा निष्काळजीपणे लिहिला जातो. कोशातील एखाद्या अमेरिकी राज्याची नोंद समोर ठेवायची, तिच्यातील ‘अर्थव्यवस्था’, ‘वाहतूक’ आणि ‘ध्वज’ ही शीर्षके उचलायची व त्यांखाली आपल्या गावाची माहिती भरायची, असे अनेक उत्तरपत्रिकांत आढळते. या घटकात आपण हीच तीन शीर्षके ठाणे जिल्ह्यातील, भाईंदरच्या पश्चिमेकडील राई या गावाला लावून पाहणार आहोत. ती कोठे बसतात आणि कोठे अडतात, यावर लक्ष ठेवावे.

ध्वज

अमेरिकेतील कॅन्सस राज्याने १९२७ मध्ये स्वीकारलेल्या ध्वजावर राज्याची मुद्रा आहे. तिच्यात नांगरणारा शेतकरी, नदीतील आगबोट आणि पश्चिमेकडे निघालेला गाड्यांचा तांडा दिसतो. म्हणजे तेथे ध्वजाचे वर्णन केले, की अर्थव्यवस्था आणि वाहतूक ओघानेच येतात.

आपल्याकडे हे शीर्षक उसने ठरते. महाराष्ट्राला राजमुद्रा आहे. अधिकृत राज्यध्वज नाही. मग राईपुरते ते गाळावे काय? माझ्या मते गाळू नये, प्रश्न बदलावा. ‘गावाचा ध्वज कोणता?’ असे न विचारता ‘गावावर कोणकोणते ध्वज फडकले?’ असे विचारावे. राई साष्टी बेटावर आहे. १५३४ च्या वसईच्या तहाने हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली आणि १७७४ च्या अखेरीस ती इंग्रजांच्या ताब्यात गेली. ध्वज उतरले, शब्द मात्र मागे राहिले. नोकरदार महिन्याअखेर ज्याची वाट पाहतो तो ‘पगार’ पोर्तुगीज आहे. ‘महसूल’ अरबीतून आला. आणि तो पगार मिळवण्यासाठी भाईंदरला जी ‘लोकल’ पकडावी लागते, ती इंग्रजी.

अर्थव्यवस्था

राई, मुर्धा, मोर्वा या पट्ट्याची जुनी ओळख भातशेती आणि मिठागरे यांनी घडली. येथे एका क्रियापदाकडे लक्ष द्यावे. कारखान्यात माल ‘तयार होतो’. आगरात मीठ ‘पिकते’. उधाणाच्या भरतीचे खाडीचे पाणी आत घ्यायचे, ते एका खणातून दुसऱ्या खणात फिरवत उन्हाने दाट करायचे, शेवटच्या खणात धरलेले खडे ओढून बांधावर रास लावायची आणि पाऊस येण्यापूर्वी ती झाकायची, असा हा क्रम आहे. हंगाम, बांध, पीक, रास हे सारे शब्द शेतीचे आहेत. ‘आगर’ हा शब्दही मिठाच्या खाचरांना आणि नारळी-पोफळीच्या बागांना सारखाच लागतो. संस्कृत ‘आकर’, म्हणजे खाण, या शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. आगरी समाजाच्या नावातही तोच आहे. येथील माणसाने मिठाला उद्योग मानले नाही, शेती मानले. ही गोष्ट आकडेवारीच्या तक्त्यात सापडणार नाही.

राज्यघटनेने मात्र वेगळी वर्गवारी केली आहे. शेती राज्यसूचीत आहे, तर मीठ संघसूचीत, ५८ व्या क्रमांकावर. बांधाला बांध लागून असलेल्या भाताच्या व मिठाच्या खाचरांसाठी दोन सरकारे, अशी ही स्थिती. गावकऱ्यांच्या भाषेत मात्र ती दोन्ही शेतेच.

वाहतूक

येथे थोडक्यात लिहिले तरी चालेल. १८६४ मध्ये वसईची खाडी ओलांडून रेल्वे मुंबईत पोहोचली आणि खाडीतील होड्यांचे महत्त्व हळूहळू ओसरले. भाईंदरहून उत्तनकडे जाणारा रस्ता मुर्धा, राई, मोर्वा या गावांतून जातो. शहर वाढले, नगरपालिका झाली, आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी मीरा-भाईंदर महानगरपालिका अस्तित्वात आली.

खरा प्रश्न पुढे उभा राहिला. दहिसर ते मीरा-भाईंदर या मेट्रो मार्ग ९ ची कारशेड राई, मुर्धा, मोर्वा परिसरात नियोजित होती. ग्रामस्थांनी विरोध केला आणि कारशेडची जागा पुढे डोंगरी येथे नेण्यात आली. सुटसुटीत शीर्षकांखाली लिहिणारा विद्यार्थी मेट्रोला ‘वाहतूक’ या सदरात टाकील आणि शेतजमिनीला ‘अर्थव्यवस्था’ या सदरात. वाद तर एकाच जमिनीचा होता. नकाशावर जो ‘मोकळा भूखंड’ दिसतो, त्याला गावात शेत, खाजण, आगर अशी वेगवेगळी नावे आहेत. आपण परिचय लिहिताना कोणता शब्द निवडतो, यावरून आपण कोठे उभे राहून लिहितो आहोत हे वाचकाला कळते. ‘ओसाड’, ‘पडीक’ ही विशेषणे तर चौकशीशिवाय कधीही वापरू नयेत. वर्षातील चार महिने आगर रिकामेच दिसते.

स्वयंअध्ययनासाठी

१. आपल्या गावातील एका व्यवसायाची क्रियापदे गोळा करा. ती शेतीची आहेत, कारखान्याची की बाजाराची, ते पाहा.

२. आपल्या परिसरातील एखाद्या जमिनीची सरकारी कागदावरील आणि लोकांच्या तोंडची नावे शेजारी शेजारी लिहा. दोन्ही वापरून दीडशे शब्दांचा परिचय तयार करा. तो घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा, आणि ते जो शब्द दुरुस्त करतील तो वहीत वेगळ्या शाईने नोंदवा.